अंगावर पिणाऱ्या बाळाचं पोट आधीच नाजूक, त्यात आईला अँटिबायोटिक: पाजणं चालू ठेवावं का?

सोनचाफा

धाकट्या बहिणीसाठी विचारते आहे. माहिती सगळी एकदम देते.

बाळ ७ आठवड्यांचं, पूर्ण दिवसांचं, जन्मवजन ३ किलो, आता ४.२. फक्त अंगावरचं दूध, वरचं काहीही नाही. तिसऱ्या आठवड्यापासून पोटाच्या तक्रारी आहेत: संध्याकाळी पाय पोटाशी घेऊन रडणं, पाजल्यावर गुळण्या, दिवसाला ६-७ वेळा हिरवट फेसाळ शी, तिच्यात शेंबडासारखा चिकटपणा, आणि दोनदा रक्ताची बारीक रेघ. बालरोगतज्ज्ञांना गायीच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी वाटते, म्हणून बहिणीने दूध आणि दुधाचे सगळे पदार्थ बंद केलेत. त्याला एक आठवडा झाला.

आता तिला उजव्या बाजूला स्तनदाह झालाय. ३९ अंश ताप, एक पट्टा लाल आणि कडक, त्याच बाजूच्या स्तनाग्राला चीर. डॉक्टरांनी को-अमॉक्सिक्लॅव ६२५ दिवसातून ३ वेळा, १० दिवस असं लिहून दिलंय. घरात दोन तट पडलेत. एक म्हणतो, कोर्स होईपर्यंत दूध काढून टाकून द्यावं. दुसरा म्हणतो, नुसतं शेकून बघावं, गोळ्याच नकोत. आधीच बिघडलेल्या पोटावर हे औषध दुधातून किती जाईल? दुसरं सौम्य औषध मागता येईल का? आणि बाळात काय बदल दिसला तर घाबरायचं?

खलबत्ता

आधी सरळ उत्तर: पाजणं थांबवू नका आणि औषधही टाळू नका. आता हिशेब.

को-अमॉक्सिक्लॅवमधलं मुख्य औषध अमॉक्सिसिलिन. त्याचा १ ग्रॅमचा एक डोस घेतलेल्या स्तनदा मातांच्या दुधात औषध मोजलेलं आहे. सर्वांत जास्त पातळी डोसनंतर ४ ते ५ तासांनी आली आणि ती लिटरमागे सुमारे ०.९ मिलिग्रॅम होती. अंगावर पिणारं बाळ दिवसाला किलोमागे साधारण १५० मिली दूध पितं असं धरतात. ४.२ किलोच्या बाळाचं दिवसाचं दूध झालं ६३० मिली. दिवसभर दुधात हीच सर्वोच्च पातळी टिकली असं मानलं, जी प्रत्यक्षात टिकत नाही, तरी बाळाच्या पोटात जातं अर्ध्या मिलिग्रॅमच्या जरा वर. याच वयाच्या बाळाला स्वतःला अमॉक्सिसिलिन द्यायची वेळ आली तर किलोमागे दिवसाला २० ते ३० मिलिग्रॅम, म्हणजे या बाळाला ८४ ते १२६ मिलिग्रॅम देतात. दुधातून जाणारा वाटा त्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी.

मग काहीच होणार नाही का? होऊ शकतं. औषधाने आतड्यातल्या जंतूंवर परिणाम करायला ते रक्तात शोषलं जावं लागत नाही. गिळलेला थेंब आतड्यातूनच जातो आणि जाताना थोडी ढवळाढवळ करतो. म्हणून अँटिबायोटिक घेणाऱ्या आईच्या बाळात तीन गोष्टी दिसू शकतात: शी पातळ होणं, तोंडात किंवा लंगोटाच्या जागी बुरशी, आणि क्वचित अंगावर पुरळ. पहिल्या दोन्ही त्रासदायक आहेत, पण आवरता येतात.

सौम्य औषधाबद्दल. स्तनदाहात बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू असतो. तो पेनिसिलिन तोडणारं विकर बनवतो, त्यामुळे नुसतं अमॉक्सिसिलिन त्याच्यापुढे लुळं पडतं. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड जोडलेलं असतं ते हे विकर अडवण्यासाठी. अडचण अशी की पोट बिघडवण्यातही याच जोडीदाराचा हात मोठा असतो. को-अमॉक्सिक्लॅव घेणाऱ्या मातांच्या बाळांमध्ये किरकोळ तक्रारी नोंदलेल्या आहेत आणि आईचा डोस वाढला तसं त्यांचं प्रमाणही वाढलेलं दिसलं. मात्र त्या आपोआप थांबल्या.

त्यामुळे बाळाचं पोट आधीच नाजूक असेल तेव्हा डॉक्टरांना हे जरूर विचारावं: "सेफॅलेक्सिन किंवा फ्लुक्लॉक्सासिलिन चालेल का?" दोन्ही याच जंतूवर चालतात, दुधात फार कमी उतरतात आणि स्तनदाहासाठी नेहमी वापरली जातात. नेहमीचा डोस ५०० मिलिग्रॅम, दिवसातून ४ वेळा, १० ते १४ दिवस. फ्लुक्लॉक्सासिलिन रिकाम्या पोटी घ्यावं लागतं, जेवणाआधी १ तास किंवा नंतर २ तासांनी. तान्ह्या बाळाच्या आईला दिवसातून चार वेळा ते जमवणं कठीण जातं आणि डोस चुकतात. सेफॅलेक्सिनला जेवणाची अट नाही. को-अमॉक्सिक्लॅवच ठरलं तर गोळी जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्या. मळमळ कमी होते आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड नीट शोषलं जातं. ६२५ च्या गोळीत ५०० अमॉक्सिसिलिन आणि १२५ क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड असतं. डोस वाढवायचा म्हणून आपल्या मनाने दोन गोळ्या एकदम घेतल्या तर क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडही दुप्पट होतं आणि जुलाब ओढवून घेतल्यासारखं होतं.

इतर औषधं थोडक्यात, कारण पुढे बदल झाला तर उपयोगी पडेल.

क्लिंडामायसिन: पाजताना चालतं, पण बाळाच्या पोटाच्या बाबतीत जास्त डोळे उघडे ठेवावे लागतात. जुलाब होतायत का आणि शीत रक्त दिसतंय का, हे रोज पाहायचं. या बाळाला आधीच रक्ताची रेघ दिसलीय, तेव्हा दुसरा पर्याय असेल तर तो आधी.

ॲझिथ्रोमायसिन: शरीरातून फार हळू जातं, अर्धं व्हायला जवळपास तीन दिवस. गोळ्या ३ दिवसांत संपल्या तरी दुधात नंतरही काही दिवस राहतं, म्हणून लक्षही तितकेच दिवस ठेवायचं. या गटातली औषधं थेट बाळाला पहिल्या दोन आठवड्यांत दिली तर जठराचं खालचं तोंड जाड होऊन बंद होण्याचा धोका वाढतो. दुधातून तसं होतं का याबद्दलचा पुरावा कमकुवत आहे, पण कारंज्यासारखी उलटी सुरू झाली तर "गुळण्या तर नेहमीच टाकतो" असं म्हणून सोडून देऊ नका.

मेट्रोनिडॅझोल: दुधात बऱ्यापैकी उतरतं आणि दुधाला कडवट चव येऊ शकते. नेहमीच्या डोसमध्ये पाजता येतं. २ ग्रॅमचा एकच मोठा डोस असेल तर १२ ते २४ तास आधी काढून ठेवलेलं दूध देण्याचा सल्ला दिला जातो.

सिप्रोफ्लोक्सासिन, डॉक्सिसायक्लिन: दुसरा चांगला पर्याय असेल तर मागे ठेवायची. थोड्या दिवसांच्या कोर्सला पाजणं बंद करावं लागत नाही. मात्र बाळंतिणीच्या लोह-कॅल्शियमच्या गोळ्या या दोन्हींना आतड्यातच पकडून ठेवतात आणि औषध वाया जातं. सिप्रोफ्लोक्सासिन त्या गोळ्यांच्या निदान २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यायचं. बहिणीने दुग्धजन्य पदार्थ सोडलेत म्हणजे कॅल्शियमची गोळी चालू असणारच, म्हणून सांगितलं. अमॉक्सिसिलिन आणि सेफॅलेक्सिनबरोबर कॅल्शियमची काही अडचण नाही.

नायट्रोफ्युरँटोइन आणि को-ट्रायमॉक्साझोल: बाळ महिन्याच्या आतलं असेल, कावीळ असेल किंवा जी-सिक्स-पी-डी या विकराची कमतरता असेल तर नकोत.

पारिजात_०७

एवढं सगळं करण्यापेक्षा १० दिवस दूध काढून टाकून द्यायचं आणि लॅक्टोज-फ्री पावडर द्यायची. बाळाच्या पोटालाही आराम मिळेल. नाहीतर निदान गोळी पाजून झाल्या झाल्या घ्यायची, म्हणजे पुढच्या वेळेपर्यंत औषध उतरलेलं असतं.

पान्हा

पारिजात, यातल्या एकाही गोष्टीने आराम मिळणार नाही. एकेक घेते.

लॅक्टोज-फ्री पावडर बहुतेक वेळा गायीच्या दुधाचीच असते, फक्त साखर बदललेली. संशय आहे तो प्रथिनांवर आणि ती त्या डब्यात पुरेपूर असतात. आईच्या आहारातून दुधात झिरपणाऱ्या कणभर प्रथिनाने ज्या बाळाच्या शीत रक्त येतं, त्याला तीच प्रथिनं बाटलीभर पाजायची, हे उलटं झालं. कधी नाइलाजाने वरचं द्यावंच लागलं तर प्रथिनं बारीक तोडलेली खास पावडर लागते आणि ती बालरोगतज्ज्ञांनीच ठरवायची.

दूध काढून टाकणं. स्तनदाहात दुखऱ्या बाजूने पाजणं अचानक बंद केलं की दूध साठतं, सूज वाढते आणि गळू होण्याची शक्यता वाढते. पंपाने काढायचं म्हटलं तर ७ आठवड्यांच्या बाळाच्या आईला रात्र धरून दर दोन-तीन तासांनी बसावं लागेल, तेही तापात. दोन-तीन दिवसांत वेळा चुकतात आणि दूध कमी होतं. त्या बाजूचं दूध बाळाला अपायकारक नसतं. फक्त सूज आल्यावर दुधात मीठ वाढतं आणि चव खारट होते, म्हणून काही बाळं त्या बाजूला तोंड फिरवतात. तसं झालं तर हाताने हलकं, आराम पडेल इतकंच काढा आणि पुन्हा लावून पाहा.

आणि गोळीची वेळ. वर खलबत्ता यांनी लिहिलंय की अमॉक्सिसिलिनची दुधातली सर्वोच्च पातळी ४-५ तासांनी येते. दर अडीच तासांनी पिणाऱ्या बाळाच्या आईने पाजून झाल्या झाल्या गोळी घेतली, तर ती पातळी बरोबर दुसऱ्या खेपेच्या पाजण्यावर येऊन बसते! वेळ जुळवण्याच्या नादात आठ तासांचं अंतर कधी पाच होतं, कधी अकरा. त्यापेक्षा घड्याळ लावा आणि दर ८ तासांनी गोळी घ्या. बाळ मागेल तेव्हा पाजा.

दुसऱ्या तटासाठीही एक गोष्ट. "शेकून बघू" हे आता जुनं झालं. स्तनदाहाची सुरुवात पुष्कळदा नुसत्या सुजेने होते, जंतू नंतर येतात किंवा येतही नाहीत. ताप सौम्य असेल, बरं वाटत असेल, तर सूज उतरवण्याचे उपाय करत २४ तास थांबता येतं. इथे ३९ ताप आहे आणि त्याच बाजूला चीर, म्हणजे जंतूंना दार उघडं. गोळ्या लागणारच. पण गोळ्यांबरोबर पुढचं करायला हवं, नाहीतर त्या उतरवतील तेवढी सूज हात पुन्हा चढवतील.

गरम शेकाऐवजी थंड. कापडात गुंडाळलेला बर्फ १० ते २० मिनिटं, मधल्या वेळेत पुन्हा पुन्हा. गाठ जोरात चोळायची नाही, कंगवा किंवा व्हायब्रेटर फिरवायचा नाही. दुधाच्या नळ्यांभोवतीचा भाग सुजून नळ्या बाहेरून दाबल्या गेलेल्या असतात, आत खडा अडकलेला नसतो, त्यामुळे चोळून मोकळं होण्यासारखं तिथे काही नसतं. चोळल्याने ऊतींना इजा होते आणि सूज पसरते. हात फिरवायचाच असेल तर काखेकडे, कातडी जेमतेम हलेल इतका हलका. "स्तन पूर्ण रिकामा करा" हा सल्लाही सोडा. जितकं जास्त उपसाल तितकं जास्त दूध येईल आणि तीच सूज परत. ताप आणि सुजेसाठी आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम जेवणानंतर, ६ ते ८ तासांच्या अंतराने. पाजताना ते सुरक्षित मानलं जातं. आईला जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पॅरासिटॅमॉलही चालतं, पण त्याने सूज फारशी उतरत नाही.

गोळी सुरू झाल्यापासून ४८ तासांत ताप आणि लाली कमी व्हायला हवी. नाही झाली तर वाट न पाहता सोनोग्राफी करून गळू नाही ना ते पाहायचं आणि दुधाचा नमुना कल्चरला पाठवायचा. नमुना घेताना स्तनाग्र स्वच्छ करून पहिल्या काही धारा सोडून द्यायच्या आणि मधली धार निर्जंतुक बाटलीत हाताने धरायची, बाटलीचा काठ कातडीला न लागू देता. पंपाच्या भांड्यातलं दूध पाठवलं तर भांड्यातलेच जंतू उगवतात.

बालरोग_ओपीडी

वरचं औषधाचं आणि स्तनाचं बरोबर आहे. मी फक्त बाळाबद्दल लिहितो, कारण या प्रश्नातला खरा गुंता तिथे आहे: आहारातून दूध काढण्याची चाचणी अर्ध्यावर असताना अँटिबायोटिक सुरू होतंय. आता बाळाची शी सुधारली तरी आणि बिघडली तरी श्रेय कुणाचं, दोष कुणाचा, हे कळणार नाही. म्हणून पहिली गोष्ट, आजची स्थिती लिहून ठेवा. २४ तासांत किती वेळा शी, किती पातळ, चिकटपणा, रक्त, किती वेळा शू, किती वेळ रडणं, वजन. शीचा फोटो दिवसाच्या उजेडात काढा, ट्यूबलाइटखाली रंग फसवतो. वजन एकाच काट्यावर, उघड्या बाळाचं, आठवड्यातून दोनदा. या वयात दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढ अपेक्षित आहे आणि तुमच्या बाळाची ती होतेय. ही सगळ्यांत चांगली खूण आहे.

दूध बंद ठेवण्याची चाचणी २ ते ४ आठवडे पूर्ण करा. कोर्सच्या मधे बाळ बिघडलं म्हणून "दूध सोडूनही फरक नाही" असा निष्कर्ष काढू नका, आणि गहू, अंडं, सोया असं एकेक सोडत आईला उपाशी तर मुळीच पाडू नका. कोर्स संपून एक-दोन आठवडे गेले आणि शी आपल्या जागी आली की मग निकाल. सुधारणा झाली असेल तर आईने थोडं दूध पुन्हा घेऊन पाहायचं, रक्त परत दिसतं का ते बघायला. ही पायरी बहुतेक जण गाळतात. मग मूल वर्षाचं होईस्तोवर आई विनाकारण पथ्य करत बसते.

"पातळ शी" म्हणजे नेमकं काय, हे ठरवून घ्या. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी मुळातच मोहरीसारखी पिवळी, सैल, कणीदार असते आणि पहिल्या महिना-दीड महिन्यात प्रत्येक पाजण्यानंतर झाली तरी चालतं. जुलाब म्हणायचं ते त्याच बाळाच्या नेहमीच्या संख्येत आणि पाण्याच्या प्रमाणात एकाएकी वाढ झाली तर. याची ६-७ वरून ८ झाली, तर कागदावर टिपा आणि पुढे चला. १२-१५ झाली आणि डायपरमध्ये नुसतं पाणी मुरत असेल तर दाखवा.

हिरव्या रंगाला एकट्याने काही अर्थ नाही. हिरवी, फेसाळ शी आणि उत्तम वजनवाढ हे चित्र आईला दूध भरपूर असताना दिसतं: बाळ दोन्ही बाजू थोड्या थोड्या पितं, पहिलं पातळ दूध जास्त जातं आणि त्यातली साखर न पचता आतड्यात आंबते. दर वेळी आधी एक बाजू नीट पिऊ द्यायची आणि मग दुसरी, एवढ्यानेही पुष्कळदा फरक पडतो. ही ॲलर्जी नाही आणि जन्मजात लॅक्टोज न पचणंही नाही. ते अतिशय दुर्मिळ आहे. शी पांढरट किंवा मातकट झाली तर मात्र त्याच दिवशी दाखवा, ते यकृताचं लक्षण असू शकतं.

रक्त दिसलं तर आधी आईचं स्तनाग्र पाहा. चिरेतून आलेलं रक्त बाळ गिळतं आणि ते उलटीत किंवा शीत काळपट, कधी लाल दिसतं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत शंका असेल तर प्रयोगशाळेत ॲप्ट चाचणी होते. बाळाचं रक्त अल्कलीत गुलाबी राहतं, आईचं तपकिरी पडतं. त्यासाठी ताजा, लाल नमुना लागतो. काळ्या डांबरी शीवर ही चाचणी चालत नाही. या एका गोष्टीमुळे "औषधाने आतड्यातून रक्त आलं" हा घोटाळा पुष्कळदा मिटतो.

अँटिबायोटिकनंतर जुलाब झाले की कुणीतरी क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलची चाचणी सुचवतं. वर्षाच्या आतल्या बाळात ती सहसा करू नये. हा जंतू निरोगी तान्ह्यांच्या आतड्यात नुसता राहत असतो, चाचणी पॉझिटिव्ह येते आणि नको ते औषध सुरू होतं.

आणखी एक गफलत: सहा आठवड्यांच्या सुमारास रोटाव्हायरसची तोंडावाटे लस मिळते. तिच्यानंतरही काही दिवस शी सैल होऊ शकते. लसीची तारीख त्याच कागदावर लिहा. आईच्या अँटिबायोटिकमुळे लस पुढे ढकलायचं कारण नाही.

खरे जुलाब लागले तर पाजण्याच्या वेळा वाढवा. ओआरएस किती द्यायचं ते वयाप्रमाणे डॉक्टर सांगतील. दोन वर्षांखालच्या मुलांना प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली असं प्रमाण आहे, पण दोन महिन्यांच्या बाळाला ते पाहूनच सांगावं लागतं. पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच पूर्ण विरघळवा. अर्ध्या पाण्यात केली तर मीठ दुप्पट होतं आणि बाळ आणखी सुकतं. जुलाब थांबवणारं लोपेरामाइड तान्ह्याला कधीही नाही.

शू मोजताना जाड डायपर फसवतो, पाण्यासारखी शी आणि शू एकत्र मुरतात. पुढच्या बाजूला कापसाचा पट्टा ठेवा, शू वेगळी कळते. दिवसाला ६ ओले लंगोट ठीक. ६ ते ८ तास शू नाही, टाळू खोल, तोंड कोरडं, बाळ मलूल किंवा दूध ओढत नाही, ३८ अंश किंवा जास्त ताप (तीन महिन्यांखाली एवढा एकच पुरेसा आहे), हिरवी पित्ताची उलटी, कारंज्यासारखी वारंवार उलटी, पोट फुगून कडक, रक्त रेघेपेक्षा जास्त: यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, रात्र असली तरी न्या.

माऊ

आईला पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर काय? आणि बाळाला दुधातून ॲलर्जी होऊ शकते का?

खलबत्ता

"ॲलर्जी" म्हणजे काय झालं होतं, त्यावर उत्तर अवलंबून आहे. नुसती मळमळ किंवा जुलाब ही ॲलर्जी नव्हे. जुनं, सौम्य पुरळ असेल तर डॉक्टर बहुधा विचार करून सेफॅलेक्सिनकडे जाऊ शकतात, पण त्याची रचना अमॉक्सिसिलिनशी काहीशी जुळते, तेव्हा निर्णय त्यांचाच. ओठ-जीभ सुजणं, दम लागणं, चक्कर येऊन पडणं असं झालं असेल, किंवा कातडी सोलवटली असेल, तर हा सगळा गट बाजूला. मग क्लिंडामायसिन किंवा मॅक्रोलाइड (ॲझिथ्रोमायसिनच्या गटातली औषधं) उरतात आणि बाळावर वर सांगितलेलं लक्ष.

बाळाच्या अंगावर पुरळ दुधातल्या कणभर औषधानेही येऊ शकतं, पण क्वचित. गांध्या उठल्या, चेहरा सुजला किंवा श्वासाला घरघर लागली तर लगेच न्यायचं.

सोनचाफा

सगळ्यांचे आभार. डॉक्टरांशी बोलून सेफॅलेक्सिन सुरू झालं आहे. दोन शंका राहिल्या. दूध वाढावं म्हणून तिला डॉमपेरिडोन दिलेलं आहे, ते चालू ठेवायचं का? आणि प्रोबायोटिक आईने घ्यावं की बाळाला द्यावं?

खलबत्ता

डॉमपेरिडोनचं विचारलंत ते फार बरं झालं. सेफॅलेक्सिनबरोबर त्याचा संघर्ष नाही. पण एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन आणि बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल यांच्याबरोबर ते घेऊ नये. ही औषधं डॉमपेरिडोनची रक्तातली पातळी वाढवतात आणि हृदयाची लयही बिघडू शकते. पुढे बुरशीसाठी फ्लुकोनॅझोल लिहून मिळण्याची शक्यता असतेच, तेव्हा त्या डॉक्टरांना डॉमपेरिडोनचं आठवणीने सांगा. तसंही स्तनदाहात दूध वाढवण्याचं औषध कशाला हवं, हे विचारून घ्या. हिरवी फेसाळ शी आणि अशी वजनवाढ पाहता दूध कमी असावं असं वाटत नाही.

प्रोबायोटिक: आईला स्वतःला जुलाब होऊ नयेत म्हणून सॅकरोमायसिस बुलार्डी घेता येतं. ते यीस्ट असल्यामुळे अँटिबायोटिकने मरत नाही. जिवाणूंची कॅप्सूल असेल तर अँटिबायोटिकपासून निदान २ तास लांब. डब्यावर दुधाचे घटक आहेत का ते वाचा, पुष्कळ प्रोबायोटिक दुधावर वाढवलेली असतात आणि पथ्य चोरपावलांनी मोडतं. (गोळीत भरणीसाठी घातलेल्या किंचित लॅक्टोजला मात्र घाबरू नका. दुधातली साखर स्तनातच तयार होते, आईने किती खाल्ली यावर ती ठरत नाही.)

बाळाला द्यायचं ते बालरोगतज्ज्ञांना विचारूनच. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या पोटदुखीच्या रडण्यासाठी लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी डीएसएम १७९३८ या ठरावीक वाणाचा अभ्यास झालेला आहे, दिवसाला ५ थेंब. नाव जवळपास तेच पण वाण वेगळं असेल तर तोच परिणाम गृहीत धरू नका. कमी दिवसांच्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या बाळांना घरच्या घरी प्रोबायोटिक नको.

पान्हा

एक भर. कोर्सच्या काळात रोज बाळाच्या गालांच्या आतून आणि जिभेवर पाहत जा. जिभेवरचा दुधाचा थर पुसला जातो. बुरशीचा थर पुसत नाही आणि खरवडला तर खाली लाल दिसतं. निस्टॅटिनचे थेंब मिळाले तर पाजून झाल्यावर द्या, आधी दिले तर दुधाबरोबर धुऊन जातात. अर्धा डोस एका गालात, अर्धा दुसऱ्या. डाग गेल्यावरही दोन दिवस चालू ठेवा. मायकोनॅझोल जेल चार महिन्यांखालच्या बाळाला नको, घट्ट गोळा घशात अडकतो. मध लावायचा नाही, वर्षाच्या आत अजिबात नाही. बाळाबरोबर आईच्या स्तनाग्रांवरही उपचार हवेत, नाहीतर बुरशी इकडून तिकडे फिरत राहते. चोखणी आणि पंपाचे दुधाला लागणारे भाग रोज उकळा.

लंगोटाच्या जागी नुसती लाली असेल तर झिंक ऑक्साइडचा जाड थर पुरतो. लाली जांघेच्या घडीत शिरली आणि कडेला सुटे लाल ठिपके दिसले तर ती बुरशी. झिंकने ती जाणार नाही, क्लोट्रिमॅझोल लागेल.

सोनचाफा

ताप उतरलाय, लालीही कमी आहे. बाळाची शी काल ८ वेळा, वजन ४.२८, रक्त नाही. आजपासून एका बाजूने पूर्ण पाजून मग दुसरी असं सुरू केलंय आणि डॉमपेरिडोनचं उद्या विचारणार आहे.

बालरोग_ओपीडी

एका बाजूने पाजण्याचा बदल आज केलात, तर कागदावर आजची तारीख टाकून तेही लिहा. आणि उजवी बाजू दुखते म्हणून प्रत्येक वेळी डावीकडून सुरुवात होऊ देऊ नका, उजवीकडे दूध तुंबेल.